थेट रूट लॉगिन बंद करून नेमके काय साधते?

सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या संगणक विभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पाच लिनक्स सर्व्हर आहेत. दोन कारखान्यातच आहेत आणि तीन बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले आहेत. तिघे जण ते सांभाळतात, तिघांनाही रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सर्व अधिकार असलेल्या खात्याचा, एकच पासवर्ड ठाऊक आहे, आणि घरून असो वा कारखान्यातून, तिघेही एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या साधनाने) थेट रूट म्हणूनच आत येतात. वार्षिक तपासणीत ऑडिटरने ‘थेट रूट लॉगिन बंद करावे’ असा शेरा मारला. प्रश्नकर्त्याची शंका अशी की, आधी आपल्या नावाने आत येऊन मग सुडोने, म्हणजे आपल्या खात्यातून रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या प्रोग्रामने, रूटच व्हायचे असेल, तर मध्ये एक पायरी वाढवल्याने सुरक्षितता कशी वाढते?

शंका रास्त आहे, आणि तिला ‘नियमच तसा आहे’ असे उत्तर देणे मला पटत नाही. गेली वीस-बावीस वर्षे अंबड, सातपूर, सिन्नर आणि दिंडोरी या पट्ट्यातील कारखान्यांचे आणि पॅकहाऊसचे सर्व्हर सांभाळताना हा शेरा मी अनेकदा पाहिला आहे. शेरा योग्यच आहे. मात्र त्याचे जे कारण सहसा सांगितले जाते ते लंगडे आहे, आणि त्यामुळे लोक आधी करायचे काम मागे ठेवून नंतरचे काम आधी करतात.

सांगितले जाणारे कारण असे की, रूट हे नाव सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे ते बंद केले की हल्लेखोराला पासवर्डबरोबर नावही ओळखावे लागते. पण नाव हे काही गुपित नसते. तुमच्या कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून ते कोणीही ताडू शकतो. सार्वजनिक पत्ता असलेल्या कोणत्याही सर्व्हरची लॉगिनची नोंदवही, म्हणजे डेबियन-उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘ऑथ डॉट लॉग’ आणि रेड हॅटच्या कुळात ‘सिक्युअर’ नावाची फाइल, उघडून पाहा. दर काही सेकंदांनी ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ अशी ओळ दिसेल, आणि तिच्या मागेपुढे अ‍ॅडमिन, उबंटू, ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट, पाय या नावांनी केलेले प्रयत्न दिसतील. ‘नाशिकच्या एका कारखान्याकडे कोण कशाला लक्ष देईल’ हे वाक्य मी कित्येक मालकांच्या तोंडून ऐकले आहे. लक्ष देणारा माणूस तिथे नसतोच. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ हे साधन प्रसिद्ध केले. एका गिगाबिटच्या जोडणीवरून आयपीव्ही-४ या इंटरनेटच्या पत्तापद्धतीचा सगळा सार्वजनिक पत्तासाठा, एका पोर्टपुरता (प्रत्येक यंत्राच्या एका क्रमांकित दारापुरता), ते पाऊण तासात धुंडाळू शकत असे. तुमचा सर्व्हर त्या वाटेत येतो, एवढे पुरेसे असते. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने साठाहून अधिक ठरावीक नाव-पासवर्ड जोड्या टेलनेटवर (दूरून लॉगिन करण्याच्या जुन्या, असुरक्षित वाटेवर) आजमावत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांतल्या एकाही यंत्राचा मालक कोणाच्या डोळ्यांवर आलेला नव्हता.

म्हणून पहिले काम रूट बंद करण्याचे नसून पासवर्डने होणारे लॉगिन बंद करण्याचे आहे. फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिले ते विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघडकीस आल्यावर. त्यांनी वाटेतले ऐकणे बंद केले, पण अंदाजाने पासवर्ड ओळखणे त्याने थांबत नाही. ते थांबते एसएसएच-कीमुळे, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या, अंदाजाने न ओळखता येणाऱ्या गुप्त फाइलमुळे. पुढे मी तिला किल्लीच म्हणेन. पासवर्ड पूर्ण बंद असेल आणि किल्ली नीट सांभाळलेली असेल, तर बाहेरून अंदाज बांधणाऱ्यासाठी रूट काय आणि तुमचे नाव काय, दोन्ही दारे सारखीच बंद असतात. उलट पासवर्ड चालू ठेवून केवळ रूट बंद केले, तर तिघांपैकी एकाचा पासवर्ड कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा निघतो आणि तेवढ्यावर सगळे ओंफस होते. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त आवृत्तीच्या कर्त्यांनी ऑगस्ट २०१५ मधील ७.० या आवृत्तीपासून मूळ धोरणच बदलले: रूटला किल्लीने येऊ द्यायचे, पासवर्डने नाही. तरीही रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीपर्यंत सोबत येणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘परमिट रूट लॉगिन यस’ अशी ओळ होती, त्यामुळे आपल्याकडे नवे धोरण आपोआप लागू झाले आहे असे गृहीत धरू नका.

इथे एक फट आहे, आणि तीत जाणते लोकही अडकतात. मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन नो’ असे लिहून, सेवा रीलोड करून लोक निर्धास्त होतात. पण एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी एसएसएचची सेवा, एखाद्या सूचनेचे जे मूल्य सर्वांत आधी वाचते तेच धरून ठेवते, नंतरचे सोडून देते. उबंटूत मुख्य फाइलच्या अगदी वरच एका उपफोल्डरमधील फाइली ओढून घेणारी ओळ असते, आणि भाड्याच्या सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटने (नवा भाड्याचा सर्व्हर मांडून देणाऱ्या प्रोग्रामने) टाकलेली, पन्नास या अंकाने सुरू होणारी एक छोटी फाइल असते, जिच्यात बऱ्याचदा ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन यस’ एवढी एकच ओळ असते. ती आधी वाचली जाते आणि तुमचा ‘नो’ वाया जातो. म्हणून फाइल वाचून खात्री करू नका. ‘एसएसएचडी’ला मोठ्या टी-च्या पर्यायासह चालवा, म्हणजे प्रत्यक्षात लागू असलेली सगळी मूल्ये तो छापून दाखवतो. त्यात ‘केबीडी इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन’ हेही ‘नो’ आहे का ते पाहा, कारण पॅम (लिनक्सची ओळख तपासणारी यंत्रणा) चालू असेल तर पासवर्ड विचारण्याची ती दुसरी वाट असते. त्यानंतर किल्ली नसलेल्या एखाद्या यंत्रावरून आत येण्याचा प्रयत्न करा. पासवर्ड विचारला गेला, तर काम झालेले नाही.

आता ज्या कारणासाठी थेट रूट लॉगिन बंद करायलाच हवे, त्याकडे येतो. ते कारण मी पुस्तकात वाचलेले नाही. एका चुकीतून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी, द्राक्ष निर्यातीच्या ऐन हंगामात, फेब्रुवारीतल्या एका पहाटे एका पॅकहाऊसमधून फोन आला. पेट्यांवर लावायची लेबले छापणाऱ्या प्रोग्रामचा संपूर्ण फोल्डर सर्व्हरवरून नाहीसा झाला होता. शीतगृहात माल तयार होता, न्हावाशेव्याला जाणारा कंटेनर आवारात उभा होता आणि लेबलाशिवाय एकही पेटी बाहेर पडू शकत नव्हती. बॅकअप होता म्हणून चार तासांत गाडी रुळावर आली. मग मालकांनी साहजिकच विचारले की हे केले कोणी. नोंदवहीत त्या वेळी रूटची तीन सत्रे चालू होती, तिन्ही कार्यालयाच्या एकाच सार्वजनिक पत्त्यावरून आलेली, तिन्ही एकाच पासवर्डने. मी स्वतः ती नोंदवही दोन दिवस चाळली आणि शेवटी ‘सांगता येत नाही’ असे लेखी दिले. पण संशय तिघांतल्या सर्वांत तरुण मुलावर गेला. त्याला कोणी स्पष्ट काही बोलले नाही, तरी महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. आठ महिन्यांनी, सर्व्हर बदलताना, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेत, एका जुन्या पुरवठादाराने लिहून ठेवलेली एक स्क्रिप्ट सापडली. ती जुन्या फाइली पुसत असे, आणि ज्या चलात (व्हेरिएबलमध्ये) उपफोल्डरचे नाव यायला हवे होते ते त्या रात्री रिकामे राहिल्याने तिने वरचा फोल्डरच पुसला होता. त्या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता, आणि तसे दाखवणारा पुरावा आमच्या मांडणीत तयारच होत नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रत्येक सत्राला एक ‘लॉगिन-यूआयडी’, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, चिकटवतो. माणूस ज्या नावाने आत आला ते नाव त्या क्रमांकाच्या रूपात राहते, आणि नंतर त्याने सुडो वापरले किंवा ‘सू’ या आज्ञेने खाते बदलले तरी ते बदलत नाही. लिनक्सची ऑडिट सेवा, म्हणजे कोणी काय केले ते टिपणारी सेवा, चालू असेल आणि महत्त्वाच्या फोल्डरांवर नियम लावलेले असतील, तर फाइल पुसणाऱ्या प्रक्रियेच्या नोंदीत हे मूळ नाव येते. सगळे थेट रूट म्हणून आले, की तिथे सर्वत्र रूटचा क्रमांक, म्हणजे शून्यच, दिसते: माणसाचे शून्य, दुसऱ्या माणसाचे शून्य आणि क्रॉनचेही शून्य. माणसे आपापल्या नावाने आत आली असती, तर त्या रात्रीची शून्याची नोंद यंत्राकडे बोट दाखवणारी ठरली असती, कारण शून्य म्हणून आत येणारा माणूसच उरला नसता. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. मधली पायरी चोराला अडवण्यापेक्षा, कोणी काय केले हे नंतर खरेपणाने सांगता यावे यासाठी आहे, आणि त्यात निर्दोष माणसाचे रक्षण अधिक होते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो खोटा नाही: प्रत्येकाला रूटसाठी वेगळी किल्ली दिली तर एसएसएचडी लॉगिनच्या नोंदीत त्या किल्लीचा ठसा लिहितोच, मग कोण आले ते कळतेच की. आले कोण ते कळते. पण तिघे एकाच वेळी आत असतील तर पुढे कोणी काय केले ते पुन्हा शून्यातच मिसळते. सुडो प्रत्येक आज्ञा नावानिशी नोंदवतो हा त्याचा मोठा लाभ आहे, मात्र ‘सुडो सू’ करून रूटचे शेल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून बसण्याची सवय लागली, तर एकच ओळ नोंदली जाते आणि पुढचे सगळे अंधारात राहते. ही सवय मोडणे माझ्या अनुभवात सर्वांत कठीण असते. शिवाय रूट स्वतःच्या यंत्रावरील नोंदी पुसू शकतो, म्हणून त्या घडता क्षणीच दुसऱ्या यंत्रावर गेल्या पाहिजेत. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनाही नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवाव्या लागतात आणि नमूद केलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. सर्वांची घड्याळे जुळलेली असण्याचा आग्रहही त्यात आहे. एक जुना डेस्कटॉप नोंदी गोळा करायला पुरतो, फक्त त्यावर या तिघांपैकी एकालाच रूट अधिकार असावा.

आता सुडोबद्दलचा भाबडेपणाही दूर करतो. कोणी तुमच्या नेहमीच्या खात्यात शिरला, तर सुडोचा पासवर्ड त्याला फार काळ अडवत नाही. तुमच्या ‘बॅशआरसी’ या, शेल उघडताच आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये तो सुडो या नावाचे एक खोटे फंक्शन लिहितो. तुम्ही दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सुडो टाइप करता, नेहमीसारखाच प्रश्न येतो, तुम्ही पासवर्ड देता, तो एका फाइलमध्ये साठतो आणि पुढे खरा सुडो चालू होतो. तुम्हाला काहीच वावगे दिसत नाही. शिवाय सुडो हाही एक प्रोग्रामच आहे. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेला ‘बॅरन समेडिट’ नावाचा दोष त्यात जुलै २०११ पासून होता, आणि त्याच्या आधारे सुडोची परवानगी नसलेला साधा वापरकर्ताही रूट होऊ शकत असे. म्हणून सुडोची परवानगी असलेले खाते रूटइतकेच मोलाचे मानावे आणि तसेच जपावे.

जपायचे म्हणजे काय, तर किल्ली त्या माणसाच्या लॅपटॉपवर, पासफ्रेजसह (किल्लीलाच लावलेल्या लांब पासवर्डसह), आणि दुसरीकडे कुठेही नाही. नवी किल्ली बनवताना ‘ईडी-२५५१९’ प्रकार निवडावा. फेब्रुवारी २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून ओपनएसएसएच यूएसबीत लावायच्या फिडो किल्ल्याही ओळखते. बोट लावल्याशिवाय तिची सही होत नाही, त्यामुळे लॅपटॉपवरील फाइल चोरीस गेली तरी तेवढ्यावर चोराला आत येता येत नाही. पाच सर्व्हर आणि तीन माणसे असताना हा खर्च मला अवाजवी वाटत नाही. एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरवरून पुढे जाताना लॅपटॉपवरचीच किल्ली वापरू देणारी सोय, मात्र बंदच ठेवा. त्या सोयीमुळे मधल्या सर्व्हरवर रूट असलेला कोणीही, तुम्ही जोडलेले असेपर्यंत, तुमच्या किल्लीने पुढच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. एका सर्व्हरमधून दुसऱ्यावर जायचे असेल तर २०१६ पासून उपलब्ध असलेला ‘प्रॉक्सी जंप’ वापरा. त्यात मधला सर्व्हर फक्त वाट देतो.

किल्ल्यांचा हिशेब ठेवणे हे रटाळ काम आहे आणि म्हणूनच ते राहून जाते. साधी किल्ली आपोआप बाद होत नाही. एका ठिकाणी रूटच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये, म्हणजे आत येऊ दिलेल्या किल्ल्यांच्या यादीत, मला अकरा किल्ल्या सापडल्या. चार जणांच्या ओळखल्या गेल्या, दोन नोकरी सोडून गेलेल्यांच्या होत्या आणि उरलेल्या पाचांवर ‘टेस्ट’ किंवा काहीच लिहिलेले नव्हते. हे केवळ टापटिपीचे प्रकरण नाही. मे २००८ मध्ये असे उघड झाले की डेबियनने २००६ साली ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत केलेल्या एका बदलामुळे त्यावर बनलेल्या किल्ल्यांत खरी यादृच्छिकता उरलीच नव्हती; ठरावीक लांबीच्या आणि प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्याच संभवत होत्या. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी दिवसभरात किल्ल्या बदलल्या, आणि ज्यांच्याकडे नव्हती ते महिनोन्‌महिने शोधत राहिले.

दाराचे कुलूप एवढे पक्के केल्यावरही दार रस्त्यावर का ठेवायचे, हा पुढचा प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, आणि त्या धाग्यावरून ‘एक्सझेड’ या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत एसएसएचडीपर्यंत पोहोचणारे चोरदार पेरलेले असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी १ जुलैला ‘रेग्रेशन’ नावाने गाजलेला एसएसएचडीमधला दोष जाहीर झाला, ज्यात लॉगिन होण्याआधीच, रूटच्या अधिकाराने, आत शिरणे शक्य होते. या दोन्हींना तुमचे ‘परमिट रूट लॉगिन’ काय आहे याच्याशी काहीही देणेघेणे नव्हते. म्हणून वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त खासगी वाट, लावा आणि एसएसएचचे पोर्ट २२ फक्त त्यातूनच दिसू द्या. ते जमत नसेल तर फायरवॉलमध्ये निदान कारखान्याच्या स्थिर पत्त्यापुरती वाट ठेवा. पोर्टचा आकडा बदलल्याने नोंदवहीतला गोंगाट कमी होतो, त्यापेक्षा अधिक काही नाही. वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ अडवणाऱ्या फेल-टू-बॅन या साधनाचेही तेच.

बॅकअप सर्व्हरला रात्री रूट म्हणून यावेच लागत असेल, तर त्यासाठी पूर्ण दार उघडू नका. ‘परमिट रूट लॉगिन’ला ‘फोर्स्ड कमांड्स ओन्ली’ हे मूल्य ठेवा, म्हणजे रूट फक्त अशाच किल्लीने येऊ शकतो जिच्यापुढे एकच ठरलेली आज्ञा लिहिलेली आहे. सोबत ती कोणत्या पत्त्यावरून चालेल हेही बांधून टाका.

शेवटी, बदल करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नका. दिंडोरी रस्त्याने रात्री साडेअकराला, भर पावसात, फक्त एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी मी गेलो आहे: परवानगीच्या यादीत माझ्याच नावात चूक केली होती आणि चालू सत्र घाईने बंद केले होते. रीलोड करण्याआधी ‘एसएसएचडी’ लहान टी-च्या पर्यायाने तपासून घ्या, पण माझी चूक त्या तपासणीत दिसली नसती, कारण वाक्यरचना बरोबर होती. म्हणून जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन, सुडो चालते हे पाहूनच जुने बंद करावे. त्याहून बरे म्हणजे दहा मिनिटांनी जुनी फाइल परत आणणारे काम ‘अ‍ॅट’ने आधीच लावून ठेवणे आणि सगळे ठीक असेल तर ते रद्द करणे. डेटा सेंटरमधल्या तीन सर्व्हरांचा कन्सोल पुरवठादाराच्या पानावरून उघडतो ना, हे आधी पाहून घ्या. कारखान्यातल्या यंत्रांना आयपीएमआय (यंत्र बंद असतानाही दूरून सांभाळू देणारी सोय) असेल तर ते इंटरनेटवर कदापि दिसू देऊ नका, त्याच्या २.० रचनेतच असा दोष आहे की वापरकर्त्याचे नाव ठाऊक असणाऱ्याला लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो असा ठसा, मिळतो.

सुरुवात कारखान्यातल्या दोन सर्व्हरांपासून करा, कारण तिथे चालत जाऊन कीबोर्ड लावता येतो. आठवडाभर तिघांनी आपापल्या नावाने काम केल्यावर मग बाहेरचे तीन हाती घ्या. रूटचा पासवर्ड मात्र पूर्ण काढून टाकू नका. डेबियन-उबंटूवर रूटचे खाते कुलूपबंद असेल, तर डिस्क बिघडून यंत्र दुरुस्तीच्या स्थितीत थांबते तेव्हा कन्सोलवरही ते आत घेत नाही. प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा, लांब, यंत्राने बनवलेला पासवर्ड कागदावर लिहून लखोट्यात घाला, लखोट्यावर तारीख आणि सही करून तो लेखा विभागाच्या तिजोरीत ठेवा, आणि ज्या दिवशी लखोटा उघडावा लागेल त्याच दिवशी पासवर्ड बदलून नवा लखोटा ठेवा.